ट्रॉफीवर नाव कुणाचं, मस्टरवर कुणाचं?

गेल्या हिवाळ्यात जयपूरच्या टोंक रोडवरच्या एका हॉटेलात मी एका पुरस्कार सोहळ्याला गेले होते. वाढत्या लघुउद्योगांचा गौरव, असा कार्यक्रम. दारात पुरुष पाहुण्यांना साफे बांधत होते, मंचामागच्या पडद्यावर प्रायोजकांच्या नावांची रांग होती आणि विजेत्याला ट्रॉफीसोबत निळ्या पॉटरीची ताटली मिळत होती. ती ताटली कुणी घडवली, ते अर्थातच कुणी सांगत नव्हतं.

मी पाहुणी म्हणून गेले नव्हते. मी परभणीची, बी.कॉम. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. नवऱ्याची रेल्वेतली बदली झाली म्हणून जयपूरला आले आणि एका सीएच्या ऑफिसात हिशेबाचं काम धरलं. त्या रात्री ज्यांना ट्रॉफ्या मिळाल्या, त्यांतल्या दोघांचे अर्ज मी भरले होते. म्हणून हा लेख.

हे अर्ज साधारण एकाच साच्याचे असतात. उद्यम नोंदणीचा क्रमांक, तीन वर्षांची उलाढाल, ऑडिट झालेले ताळेबंद, जीएसटीचे रिटर्न, निर्यात असेल तर तिचे आकडे. मग येतो रोजगारनिर्मितीचा रकाना. बाकी प्रत्येक आकड्यामागे कागद जोडावा लागतो, या रकान्याला बहुतेक वेळा काहीच जोडावं लागत नाही. तिथे उद्योजक म्हणतो, "साठ लिख दो." मस्टरवर चौदा जण असतात. हा खोटेपणा आहे असं त्याला वाटत नाही. उरलेले सेहेचाळीस कुठेतरी आहेतच: कुणी ठेकेदाराकडे, कुणी घरी बसून नगावर काम करणाऱ्या बाया, कुणी हंगामापुरते. पुरस्काराच्या अर्जात ते सगळे 'आमचे' असतात. पीएफचा विषय निघाला की त्यांच्यातलं कुणीच आमचं नसतं. वीस माणसं झाली की भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू होतो, त्यामुळे वर्षानुवर्षं अठरा-एकोणीसवर थांबलेले कारखाने मी पाहिले आहेत. पुरस्काराच्या अर्जात मात्र तेच कारखाने झपाट्याने वाढत असतात.

त्या रात्री ट्रॉफी घेणाऱ्यांत परकोट्यातले, म्हणजे जुन्या गुलाबी शहरातले, एक मोजड्यांचे शोरूमवाले होते. त्यांच्या मानपत्रात शंभर कारागीर कुटुंबांना रोजगार दिल्याचा उल्लेख होता. त्या शंभरातलं एक कुटुंब माझ्या ओळखीचं आहे, घाट गेटकडचं, रैगर समाजाचं. घरातल्या कर्त्या माणसाला मी चाचाजी म्हणते. चाचाजी चामडं स्वतःच्या पैशाने आणतात. रापी, आरी, कलबूत, सगळी अवजारं त्यांची. तळ ते आणि त्यांचे दोन मुलगे शिवतात, वरच्या भागावरचा कशिदा घरातल्या आणि शेजारच्या बाया करतात आणि त्या बायांना नगाप्रमाणे पैसे चाचाजीच देतात. नुकसान झालं तर तेही त्यांचंच. माल परत आला तर त्यांच्या माथी.

आता सांगा, हा माणूस कोण? कच्चा माल स्वतःचा, साधनं स्वतःची, जोखीम स्वतःची, हाताखाली माणसं. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात उद्योजकाची व्याख्या हीच होती. तरी मानपत्रात तो उद्योजक नव्हता, दुसऱ्याने दिलेला 'रोजगार' होता. त्याची उलाढाल शोरूमच्या उलाढालीत जमा झाली आणि त्याची माणसं शोरूमच्या रोजगारनिर्मितीत. माल कच्च्या चिठ्ठीवर जातो, मोजडीवर शिक्का शोरूमचा लागतो आणि पैसे येतात चार-पाच महिन्यांनी. कागदावर चाचाजींचा धंदा नाहीच. बँकेला जेवढा तो दिसत नाही, तेवढाच पुरस्कार समितीलाही दिसत नाही.

ही एका घरापुरती गोष्ट नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७३ व्या फेरीत (२०१५-१६) देशात सुमारे ६ कोटी ३४ लाख सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मोजले गेले आणि त्यांत ११ कोटींवर माणसं काम करत होती. मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांत ही आकडेवारी मालकाच्या सामाजिक गटानुसार दिली आहे. ती एकदा तरी नीट वाचा. सूक्ष्म उद्योगांत अनुसूचित जातीच्या मालकांचा वाटा १२.४८ टक्के. लघु उद्योगांत ५.५० टक्के. मध्यम उद्योगांच्या रकान्यात शून्य पूर्णांक शून्य शून्य. उलट 'इतर', म्हणजे सर्व मागास प्रवर्गांच्या बाहेरचे, सूक्ष्ममध्ये ३२.७९, लघुमध्ये ६२.८२ आणि मध्यममध्ये ७०.८० टक्के. लोकसंख्येत अनुसूचित जाती २०११ च्या जनगणनेनुसार १६.६ टक्के आहेत, राजस्थानात १७.८.

म्हणजे उद्योग जसा वाढतो तसा आपला माणूस गळतो. आणि पुरस्कार कशाला देतात? वाढीला. तीन वर्षांत उलाढाल किती वाढली, माणसं किती वाढली. ज्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आपण शून्य आहोत, त्या जिन्यावर कोण किती भरभर चढलं याची ही स्पर्धा आहे. त्याच पाहणीतली दुसरी बाजू पाहा: ११ कोटींपैकी १० कोटी ७६ लाख माणसं सूक्ष्म उद्योगांत होती, दर उद्योगामागे सरासरी पावणेदोनहून कमी. म्हणजे मालक आणि जमलं तर अजून एक जण. देशाचा रोजगार ज्यांनी धरून ठेवला आहे ते 'वाढणारे' नाहीत, टिकून राहणारे आहेत. टिकण्याला ट्रॉफी नसते.

वाढ ही निव्वळ कर्तबगारी असती तर गोष्ट वेगळी होती. पण जयपूरच्या बाजारात पहिली दोन वर्षं तगायला काय लागतं ते मी रोज हिशेबात पाहते. उधारीवर माल देणारा नातेवाईक, तारण ठेवायला बापाच्या नावचं घर, पहिली ऑर्डर देणारा मामाचा मित्र. जौहरी बाजारात लाखोंचे खडे कागदाच्या पुडीत बांधून नुसत्या शब्दावर एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातात. हा विश्वास फार सुंदर आहे, पण तो आडनाव पाहून मिळतो. ताळेबंदात त्यासाठी रकाना नाही.

जयपूरचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण जयपूर रग्ज. नंदकिशोर चौधरींनी १९७८ मध्ये चुरूला दोन मागांवर सुरुवात केली, वडिलांकडून घेतलेल्या ५ हजार रुपयांवर. विणकर अस्पृश्य मानलेल्या जातीचे. त्यांच्यात ऊठबस केली म्हणून चौधरींच्या नातेवाइकांनी आणि समाजाने नाकं मुरडली, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. आज कंपनी सुमारे ४० हजार कारागिरांसोबत काम करत असल्याचं सांगते, त्यांत बहुसंख्य बाया. सी. के. प्रल्हाद यांनी त्यांच्या प्रसिद्ध पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत या कंपनीची दखल घेतली. 'मनचाहा' उपक्रमात विणकर बाया स्वतःच्या मनाने नक्षी काढतात, त्याला जर्मनीचा डिझाइन पुरस्कारही मिळाला. चौधरींचं काम मला कमी लेखायचं नाही. दलाल मधून काढले, पैसा थेट मागावर पोचवला, हे मोठं काम आहे. पण ही गोष्ट ऐकताना मला नेहमी उलटी गोष्ट सुचते. त्याच चुरूत १९७८ मध्ये एखाद्या विणकराच्या पोराने बापाकडे ५ हजार मागितले असते तर बापाकडे ते असते का? आणि असते, दोन माग आले असते, तर शहरातल्या निर्यातदाराच्या गादीवर त्याला बसू दिलं असतं का? चौधरी खाली उतरून विणकरांत बसले, त्याची कथा झाली. विणकर वर जाऊन त्यांच्यात बसला असता तर त्याची पोलीस केस झाली असती.

ही उलटी गोष्ट राजस्थानातच एकदा प्रत्यक्षात करून पाहिली गेली. अहमदाबादच्या आयआयएमचे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई पद सोडून १९७५ मध्ये अजमेर जिल्ह्यातल्या जवाजा गटात गेले, सोबत एनआयडीची माणसं. तिथल्या रैगरांना आणि बुनकरांना मजूर म्हणून नव्हे, धंद्याचे मालक म्हणून उभं करायचं हा प्रयत्न होता. चामड्याच्या पिशव्या, विणलेल्या सतरंज्या, त्यांची किंमत कारागिरांनीच ठरवायची, ग्राहकाशी त्यांनीच बोलायचं, बँकेत त्यांनीच जायचं. त्यातून कारागिरांची स्वतःची संघटना उभी राहिली. जवाजातून चाळीस हजारांचा आकडा कधी आला नाही. वाढीच्या मोजपट्टीवर तो प्रयोग किरकोळ ठरेल. पण रैगर तिथे कुणाच्या मानपत्रातली संख्या नव्हता. मॅनेजमेंट शिकणाऱ्या आपल्या पोरांना जयपूर रग्जची केस शिकवतात, जवाजाची किती जणांना शिकवतात, हे जरा विचारून पाहा.

आपल्याकडे तर याहून जुनं आणि नेमकं उदाहरण आहे. कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांनी संस्थानच्या पागेत नोकरी करताना सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून मार खाल्ला. शाहू महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा काढायला लावलं. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' नावाचं चहाचं हॉटेल निघालं. गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराजांनी काय केलं? गंगाराम यांना मानपत्र दिलं नाही, 'उत्कृष्ट उपाहारगृह' असा बिल्ला दिला नाही. महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून भर रस्त्यात चहा मागवायचे आणि सोबतच्या सवर्ण मंडळींनाही प्यायला लावायचे. त्या माणसाला कशाची कमतरता आहे हे त्यांना बरोबर कळलं होतं. गिऱ्हाइकाची.

आजच्या सरकारला हे कळत नाही असं नाही. कायद्यात ते लिहिलेलं आहे. केंद्राच्या २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार मंत्रालयांनी आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला ठरलेला हिस्सा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा, आधी २० टक्के, २०१८ पासून २५. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांकडून. हे ४ टक्के कधीच गाठले गेले नाहीत. आकडा वर्षानुवर्षं एक टक्क्याच्या आसपासच घुटमळतो आहे. पळवाट धोरणातच आहे: असे उद्योग निविदेत आले नाहीत किंवा अटींत बसले नाहीत, तर तो हिस्सा इतर लघुउद्योगांकडून भरून काढायचा. म्हणजे आपली खुर्ची रिकामी राहिली तर शेजारचा पाय पसरून बसणार, आणि ती रिकामी का राहिली याचा हिशेब कुणी द्यायचा नाही. पुरस्कार द्यायचेच असतील तर या ४ टक्क्यांचे द्या. कुठल्या सरकारी कंपनीने ते पूर्ण केले, तिच्या अध्यक्षाला बांधा साफा. पहिली काही वर्षं मंचावर कुणीच चढणार नाही. चालेल. रिकामा मंच तरी लोकांना दिसेल.

जयपूरबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. इथल्या हायकोर्टाच्या आवारात १९८९ पासून मनूचा पुतळा उभा आहे. तो हटवायचा निर्णय झाला, त्याला स्थगिती आली, पुतळा आहे तिथेच आहे. २०१८ मध्ये आपल्या औरंगाबादच्या दोन महिला इतक्या लांब आल्या आणि त्यांनी त्याला काळं फासलं. मोजडी शिवणाऱ्याने संपत्ती साठवू नये असं ज्याच्या नावावरच्या ग्रंथात सांगितलं आहे, त्याचा पुतळा आणि 'आत्मनिर्भर कारागीर' असे शब्द असलेला मंच, एकाच शहरात. इथे राहून डोळे सरावतात, म्हणून लिहून ठेवते.

आता आपल्यातल्या वादाकडे येते. "नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे व्हा" हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. २००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे डिक्की, काढली तेव्हापासून ते आपल्या घराघरांत पोचलं. २०१३ मध्ये मिलिंद कांबळे आणि कल्पना सरोज दोघांनाही पद्मश्री मिळाली. आनंद तेलतुंबडे यांच्यासारख्यांनी या 'दलित भांडवलशाही'वर कडक टीका केली: मूठभर उद्योजकांच्या यशाने जातीव्यवस्था हलत नाही, उलट आरक्षणाचा आणि जमिनीचा प्रश्न बाजूला पडतो. मी दोन्ही बाजू वाचल्या. टीका मला पटते, पण त्या पद्मश्रींचा उपयोगही मी पाहिला आहे. आपल्या माणसाने आजारी कारखाना उभा केला आणि राष्ट्रपतींच्या हातून सन्मान घेतला, हे माझ्या आईला सांगता आलं. 'आपल्यात धंदा जमत नाही' हे तिचं ठाम मत होतं. ते तिला कुणी शिकवलं ते वेगळं सांगायला नको. जोतीराव फुले स्वतः कंत्राटदार होते, कात्रजच्या बोगद्याशी आणि येरवड्याच्या पुलाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. बाबासाहेबांनी परदेशातून आल्यावर शेअर बाजारात गुंतवणुकीचा सल्ला देणारी कंपनी काढली होती. चालवणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइकं फिरकेनाशी झाली आणि ती बंद पडली. कोलंबियाची पदवी हातात असताना.

माझा आक्षेप त्या वाक्याच्या वापराला आहे. सरकारी भरती आटते, पदं कंत्राटी होतात, खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, आणि पदवी घेऊन उभ्या असलेल्या पोराला सांगतात की तू नोकरी देणारा हो. भांडवल? कर्ज काढ. २०१६ च्या स्टँड-अप इंडियात प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला १० लाख ते १ कोटीपर्यंत कर्ज द्यायचं होतं, पण तारण घ्यायचं की हमी योजनेवर भागवायचं हे बँकेवर सोडलं होतं. चाचाजींच्या धाकट्या मुलाला एका शाखेत तीन वेळा बोलावलं आणि तिसऱ्यांदा घराचे कागद मागितले. घर वस्तीतलं, पट्टा नाही.

आणि नोकऱ्या दिल्या जातात त्या कुणाला? सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले होते. दलित आणि मुस्लिम नावांना उत्तरं कमी आली. त्या निदान जाहिरात देणाऱ्या कंपन्या होत्या. लघुउद्योग जाहिरात देत नाही, तो ओळखीतून माणूस घेतो. मी ज्यांचे अर्ज भरते त्यांच्या मस्टरवर अकाउंटंट, सुपरवायझर, सेल्स ही नावं एका बाजूची असतात आणि पॅकिंग, धुलाई, झाडू ही दुसऱ्या बाजूची. रोजगार वाढला, की जातीची उतरंड नव्या शेडमध्ये हलवली, हे त्या एका रकान्यातून कळायची सोय नाही. श्रमांची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतला फरक बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लिहून ठेवला. तो पुरस्काराच्या अर्जात आणायला दोन रकाने पुरतील: कोणत्या पदावर कुठल्या प्रवर्गाची किती माणसं, आणि पुरवठादाराला पैसे किती दिवसांत दिले.

दुसऱ्या रकान्यासाठी तर कायदाही हाताशी आहे. २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नसेल तर १५. त्यापुढे चक्रवाढ व्याज लागतं. आणि आता अशी थकबाकी प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत देणाऱ्याला आयकरात तो खर्च दाखवता येत नाही. ही तरतूद आल्यापासून आमच्या ऑफिसात मार्चमध्ये फोन वाजायचे थांबत नाहीत. पण तिचा फायदा ज्याच्याकडे पक्कं बिल आहे त्यालाच. चाचाजींकडे चिठ्ठ्या होत्या.

तुमच्यातले पुष्कळ जण माझ्यासारखे कुणाच्या तरी ऑफिसात फॉर्म भरत असतील. तुम्हाला माझं एकच सांगणं आहे: घरातला, गल्लीतला एक धंदा कागदावर आणा. उद्यम नोंदणी फुकट आहे, आधार आणि पॅन लागतं. त्यात सामाजिक प्रवर्गाचा रकाना येतो, तिथे लाजू नका, 'जनरल' टाकू नका. ४ टक्क्यांवरचा दावा त्या रकान्यातूनच सुरू होतो. माझ्याकडे आलेल्या दोघांनी 'गिऱ्हाईक बघेल' म्हणून तो चुकीचा भरला होता. त्यांचं भय खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

चाचाजींची नोंदणी आम्ही गेल्या वर्षी केली. नोकरांची संख्या विचारली तेव्हा त्यांनी बोटं मोजली. दोन मुलगे, एक पुतण्या, कशिदा करणाऱ्या तिघी. मग म्हणाले, "बेटा, तेरी चाची को लिखना है क्या? वो तो घर की है।" लिहिलं. स्वतःला मोजायचं ते विसरले होते, तेही लिहिलं. आता पक्की बिलं सुरू झाली आहेत. ती पाहून शोरूमवाल्यांनी या दिवाळीची ऑर्डर निम्म्यावर आणली. उरलेल्या निम्म्यासाठी आम्ही सरकारी खरेदीच्या जीईएम पोर्टलवर नोंदणी करतो आहोत. मोजडीला डावा-उजवा नसतो आणि तिथे पादत्राणांच्या मापांचा तक्ता भरावा लागतो, त्यात दोन संध्याकाळी गेल्या. पुरस्काराच्या अर्जाला तीन वर्षांचे ताळेबंद लागतात. आमच्याकडे एक आहे.